नळी सिस्टर

त्यांचं खरं नाव नलिनी कळंबे. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून झाली, आणि निवृत्तीनंतर त्या पांढुर्ण्यात आमच्या शेजारच्या घरात एकट्या राहत. गल्लीतले लोक त्यांना नलिनी सिस्टर म्हणत. पुढे पाण्याच्या पाइपांवरचा त्यांचा जीव पाहून कुणीतरी नलिनीचं 'नळी' केलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली तेव्हा आता काय होतंय म्हणून सगळे चुपचाप बसले होते. त्या फाटकात उभ्या राहून म्हणाल्या, "बरोबर आहे न बापा. पन अर्धंच नाव घेता, बाकीचं अर्धं कोनासाठी ठेवता?"

मी मूळचा नाशिकचा. बँकेच्या नोकरीत बदली झाली आणि बायको रेखा, चार वर्षांची चिऊ आणि बांधलेलं सामान घेऊन मी पांढुर्ण्याला आलो. गाव मध्य प्रदेशात, बोली वऱ्हाडी, पाट्या हिंदीत. उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येई, तोही पाऊण तास. नळाची वेळ झाली की घरोघरी तोटीला रबरी पाइप लागत. त्याच पाइपाने आधी कुंड्यांना पाणी, मग टाकीत, मग स्वयंपाकघरातल्या प्यायच्या रांजणात. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नसे. मलाही नाही.

आमचा दुसरा किंवा तिसरा दिवस असेल. नाशिकहून आणलेला हिरवट, आरपार दिसणारा पाइप मी तोटीला लावला होता. चिऊ दुसऱ्या टोकाशी बसून त्यातूनच ओंजळीने पाणी पीत होती. इतक्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"भाऊ, त्या पोरीले काय पाजून राहिले?"

पाहिलं तर भिंतीवरून एक लहानसा, वाळकासा चेहरा डोकावत होता. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. पुढच्या क्षणी फाटक वाजलं आणि त्या आमच्या अंगणात होत्या. उंची पाच फुटांच्या आत. पदर खांद्याला पिन लावून पक्का केलेला, चाल वॉर्डात राउंड घ्यावा तशी. त्यांनी चिऊला अलगद बाजूला केलं, नळ बंद केला आणि पाइपाचं तोंड माझ्या नाकासमोर धरलं.

"घ्या वास."

मी घेतला. पावसाळ्यात ओल्या राहिलेल्या पायपुसण्याला येतो तसा वास.

"जुना आहे ना, म्हणून असेल," मी म्हणालो.

"वय काय पुसलं मी तुमाले?" त्यांनी कमरेच्या पिशवीतून कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड काढलं, माझ्या पाइपाचं वीतभर टोक कापलं आणि भेंडी चिरावी तसं ते उभं चिरून उघडलं. आत काळी, बुळबुळीत साय होती. त्यांनी बोट फिरवलं आणि ते बोट मला, रेखाला आणि शेवटी चिऊलाही दाखवलं. चिऊ म्हणाली, "ई!"

"पोरगी हुशार आहे," सिस्टर म्हणाल्या. "आता दोन दिवस आमच्या घरून पानी न्या."

आमच्या घरात अजून चहाची भांडी निघायची होती. पण त्या संध्याकाळी आमची पहिली स्वच्छता झाली ती पाइपाची. सिस्टर पाइपाला 'पेशंट' म्हणत. पेशंटला आधी टबात निजवायचं. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घालून वरून पुसून घ्यायचं, कारण बुरशी बाहेरूनही चढते आणि हाताला लागते. टोकाचे जोड काढून जुन्या टूथब्रशने आटे घासायचे. त्यातली रबराची वायसर काढून वेगळी धुवायची, कारण "सगळी घान तिच्याच खाली लपते, सासरी आलेल्या नव्या सुनेसारखी." मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी पाइपात भरायचं, दोन्ही टोकं वर उचलून खिळ्याला बांधायची आणि तासभर तसंच ठेवायचं. नंतर सुतळीला कापडाची गाठ बांधून ती एका टोकातून सोडायची आणि दुसऱ्या टोकातून ओढायची. शेवटी वास पूर्ण जाईपर्यंत नळाचं पाणी सोडायचं.

मी मधेच म्हणालो, "यात खायचा सोडाही टाकू का? फेस छान येतो."

"येते न. फेस येते, तमाशा होते, काम होत नाई. एक खट्टं, एक खारं. दोघं आपसातच भांडून मरतात, बुरशी तिकडं आरामात बसते. सोडा पाह्यजे तं वेगळा वापरा, ब्रशले लावून."

काम संपल्यावर मी पाइप गुंडाळून नळाखाली टाकून दिला, तर त्यांनी डोक्याला हात लावला. पाइप एका टोकापासून खांद्यावर घेत दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं, म्हणजे आतलं पाणी पुढे पुढे सरकत सांडून जातं. मग तो मोठ्या वेढ्यांत सावलीत टांगायचा. उन्हात टाकला की रबर तडकतं आणि त्या भेगांत पुन्हा बुरशी धरते. जमिनीवर टाकला की पाणी पोटात राहतं. "पेशंट झोपताना उपाशीच पाह्यजे. पानी थांबलं का सडलं." आणि पुढच्या वेळी आरपार दिसणारा पाइप आणू नका, जाड काळा आणा, आत उजेड गेला की काई, म्हणजे शेवाळ, धरते.

"पानी थांबलं का सडलं" हे वाक्य मला फार आवडलं. एकदा बँकेतून येताना मी त्यांना म्हणालो, "सिस्टर, माणसाचंही तसंच आहे, नाही? थांबला की संपला."

त्या कढीपत्त्याची पानं तोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, मी नळीचंच सांगून राहिली."

त्यांच्या अंगणात मोगरा होता, जास्वंद होती, आणि कुंड्यांत संत्र्याची दोन झाडं होती ज्यांना कधीच फळ धरलं नाही. आजूबाजूला सगळा संत्र्याचा मुलूख, बाजारात टोपल्याच्या टोपल्या, आणि यांच्या झाडांना फक्त काटे. लोक चिडवत. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं: "त्याईची तब्येत चांगली आहे, घाई कायची आहे?" नळ आला की त्या आधी पाइपातलं पहिलं बादलीभर पाणी जास्वंदीच्या मुळाशी सोडून देत आणि मगच बाकीचं काम. प्यायच्या पाण्यासाठी तर त्यांच्याकडे वेगळाच छोटा पाइप होता, त्याच्या दोन्ही तोंडांना फडक्याच्या टोप्या. तो त्या बागेला कधीच लावत नसत. आमच्याकडेही मग तसाच दुसरा पाइप आला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक प्राथमिक शाळा होती. हेडमास्तर मोठे रुबाबदार गृहस्थ. उन्हाळ्यातही जाकीट घालत. त्यांनी हौसेने शाळेत बाग केली होती आणि मधल्या सुट्टीत पोरं बागेच्या पाइपालाच तोंड लावून पाणी पीत. सिस्टरांनी हे रस्त्यावरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत गेल्या आणि साक्षीदार म्हणून मला बरोबर नेलं. शनिवार होता, माझी सुटका नव्हती.

हेडमास्तरांनी बागेतच खुर्ची दिली. सिस्टर बसल्या नाहीत. त्यांनी बागेची तोंडभरून स्तुती केली. गुलाब किती टपोरे, वाफे किती सरळ. हेडमास्तर खुलले. मग सिस्टर म्हणाल्या, "गुरुजी, ऊन गंज तापून राहिलं. थोडं पानी प्या न."

शिपाई ग्लास आणायला निघाला.

"ग्लास कायले? पोरं पितात तसंच प्या. ह्या नळीतून."

हेडमास्तर हसले, थोडे वाकले, पाइप तोंडाजवळ नेला आणि थांबले. वास त्यांच्यापर्यंत पोचला होता. तिथे साठ-सत्तर पोरं जमली होती आणि सगळी हेडमास्तरांकडे पाहत होती.  सिस्टरांनी ब्लेडही काढलं नाही. नुसत्या हात बांधून उभ्या राहिल्या.

हेडमास्तरांनी पाइप हळूच खाली ठेवला. "बाई," ते म्हणाले, "मी नाही पिऊ शकत."

"मंग पोट्ट्याईनं काऊन प्यावं?"

त्यांचा आवाज चढलाही नव्हता. पण हेडमास्तरांचा चेहरा पडला. माणूस सज्जन होता, त्याच्या ते मनात आलं नव्हतं एवढंच. सोमवारी शाळेत प्यायच्या पाण्याची वेगळी टाकी बसली, तिला चार तोट्या. बागेचा पाइप धुतला गेला आणि सायकलची जुनी रिंग भिंतीवर ठोकून तिच्यावर, कडुलिंबाच्या सावलीत टांगला गेला. दर शनिवारी सिस्टर तपासणीला जात. पोरांनी तर चालीवर म्हणायची एक घोषणाच केली होती: "पह्यलं पानी झाडाले! मंग पानी वाफ्याले!" सिस्टर गेटात दिसल्या की ती सुरू होई आणि हेडमास्तर जाकिटाची बटणं लावत बाहेर येत.

पण सिस्टरांना मी हसतानाच पाहिलं असं नाही. एकदा त्यांना खरोखर संतापलेलं पाहिलं, आणि कारण मी होतो.

सिस्टर दोन दिवसांसाठी सौंसरला बहिणीकडे गेल्या होत्या. पावसाळा संपत आला होता आणि आमच्या पाइपाला पुन्हा वास येऊ लागला होता. रेखा चिऊला घेऊन बाजारात गेली होती. मी म्हटलं, आज सिस्टर यायच्या आत काम करून ठेवू, शाबासकी मिळेल. बाहेर भुरभुर होती म्हणून टब न्हाणीघरात घेतला आणि दार लावलं. व्हिनेगरचं पाणी केलं, पाइप बुडवला. थोडा वेळ गेल्यावर वाटलं, काळे डाग काही हटत नाहीत. फळीवर ब्लीचिंग पावडर होती. विहिरीत टाकतात, टाकीत टाकतात, म्हणजे चांगलीच असणार. मूठभर टाकली.

क्षणात नाकात, घशात काहीतरी शिरलं. डोळे जळायला लागले. खोकला इतका आला की दाराची कडी मला सापडेना. आपण काय केलं हेच कळत नव्हतं. मी खाली बसलो.

सिस्टर त्याच वेळी बसस्टँडवरून येत होत्या. फाटकाशीच त्यांना वास आला, असं त्या नंतर म्हणाल्या. मला आठवतं ते एवढंच की दारावर धडाधड लाथा बसल्या, जुनी कडी निसटली आणि त्या लहानशा बाईने तोंडाला पदर लावून मला बगलेत धरून अंगणापर्यंत ओढत नेलं. मग स्वच्छ पाण्याने डोळे धुतले. किती वेळ धुतले असतील! मी पुरे म्हणायचो आणि त्या म्हणायच्या, "चूप." शर्ट काढायला लावला. रिक्षा बोलावली, डॉक्टरकडे नेलं, आणि तो "आता ठीक आहे" म्हणेपर्यंत माझ्या मनगटावरचं बोट काढलं नाही.

त्यानंतर तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. रेखाशी बोलत, चिऊशी खेळत, मी आलो की आत जात. चौथ्या दिवशी मी त्यांच्या पायरीवर जाऊन बसलो.

"सिस्टर, चूक झाली."

त्या मोगऱ्याच्या कळ्या पदरात वेचत होत्या. मग म्हणाल्या, "चूक तुमची नाई. माही आहे. सोडा टाकू नका म्हनून सांगतलं. ब्लीचिंग टाकलं तं गॅस होते, जीव जाते, हे सांगतलंच नाई. मले वाटलं, एवढं तं मालूम असन."

आणि मग त्यांनी सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी फरशी लवकर चमकावी म्हणून त्यांनी स्वतःच दोन बाटल्या एका बादलीत ओतल्या होत्या आणि ती बादली वॉर्डातल्या सफाईच्या बाईच्या हाती दिली होती. बाई वाचली. पण कितीतरी दिवस तिला धड बोलता येत नव्हतं. नुसती पाहायची. "तिनं माह्यावर कधी राग नाई धरला. तिले वाटे, सिस्टरनं देल्लं म्हंजे बराबरच असन." कळ्या पडल्या तशाच पदरात राहिल्या. "तवापासून मी कोनालेही 'हे कर' असं नुसतं सांगत नाई. काऊन ते सांगतो. तुमच्या वेळेसच राहून गेलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या न्हाणीघराच्या दारावर, आतून आणि बाहेरून, खडूने लिहिलं: 'ब्लीचिंग एकटं. व्हिनेगर एकटं. दोघाईचं लग्न लावू नये.' मी तिथे राहिलो तितकी वर्षं ते खडूचं लिखाण पुसट झालं की रेखा गिरवत असे.

वर्षं गेली. चिऊ सायकल चालवायला लागली, माझे कानाशेजारचे केस पांढरे झाले, आणि मला हळूहळू एक गोष्ट दिसू लागली जी मला दिसायला नको होती. सिस्टरांच्या प्यायच्या पाइपाच्या तोंडाशी काळं कडं आलं होतं. आधी वाटलं, सावली असेल. मग एकदा त्या पाणी भरत असताना जवळ गेलो. आत तीच काळी साय. पाइप त्या रोज धूत होत्या, रोज खांद्यावरून रिकामा करत होत्या, ब्रशही फिरवत होत्या. पण ब्रश भलतीकडेच फिरत होता. त्यांना दिसतच नव्हतं.

मग बाकीच्या गोष्टीही ध्यानात आल्या. जास्वंदीऐवजी पायरीवर सांडलेलं पाणी. मला दुरून "कोन आहे?" विचारणं. रेखा म्हणाली, "मोतीबिंदू असेल. सांगायला हवं."

"कोण सांगणार?"

"तू."

मी आठवडाभर टाळलं. ज्या बाईने आम्हाला स्वच्छ पाणी प्यायला शिकवलं तिला तुमचा पाइप घाण आहे हे कसं सांगायचं? दुपारी त्या झोपल्या की गुपचूप धुऊन टाकावा असंही मनात आलं. पण मग डोळ्यांचं काय? आणि दोनदा त्यांचं पोट बिघडलेलं आम्हाला माहीत होतं. शेवटी एका सकाळी मी भिंतीपाशी गेलो.

"सिस्टर, तुमच्या पाइपात बुरशी आहे."

त्या हसल्या. "माह्या?"

"हो. बरीच आहे. तुम्हाला दिसत नाहीये."

हसू हळूहळू मावळलं. त्यांनी पाइपाचं तोंड डोळ्यांशी नेलं, अगदी जवळ, मग थोडं दूर. मग बोट आत घालून फिरवलं आणि बोटाला बोट चोळून पाहिलं. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी गल्लीत त्यांचा आवाज आला नाही. रेखा दोनदा डबा ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात. पिन लावलेला पदर, हातात पिशवी.

"ऑपरेशनले मले कोन नेते?"

आम्ही दोघं त्यांना रेल्वेने नागपूरला घेऊन गेलो. गाडीत त्यांनी समोरच्या बाईला पाण्याची बाटली आतून कशी धुवायची ते सांगितलं, दवाखान्यात नर्सला हात धुण्यावरून दोन गोष्टी सुनावल्या, आणि टेबलावर घेताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, भेव लागून राहिला बरं." इतक्या वर्षांत त्यांना भीती वाटते हे पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. त्यांनी आधी रेखाकडे पाहिलं. "मायबाई, तू तं भल्ली सुंदर आहे!" मग माझ्याकडे. "भाऊ, तुमी केव्हा म्हातारे झाले?" डॉक्टरसुद्धा हसले.

घरी आल्यावर काळा चष्मा लावून त्या थेट अंगणात गेल्या. खुंटीवरचा पाइप काढला, पाहिला, आणि मला वाटलं आता रडतील. तर त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. मला ब्लेड आणायला लावलं. डोळ्यांना धूळ लागू नये म्हणून स्वतः काही न करता मला हाताखाली घेतलं आणि पाइप टोकापासून टोकापर्यंत चिरवून घेतला. तो काळा, उघडा पाइप त्यांनी दोन दिवस आपल्याच फाटकावर टांगून ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगत, "पाहून घ्या. ही नळी सिस्टरची नळी. मले दिसत नव्हतं, अन् मी समजून राहिली होती साफ आहे. ह्या बँकवाल्या भाऊनं सांगतलं म्हनून वाचली." हेडमास्तर जाकीट घालून पाहायला आले. त्यांनी नमस्कार केला आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःचे डोळे तपासून घेतले.

पुढे माझी बदली झाली. त्याही पांढुर्ण्याचं घर सोडून बोरगावजवळ भाच्याच्या संत्र्याच्या बागेत राहायला गेल्या. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं त्यांना भेटून आलो. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पण चाल तीच. भाच्याला त्यांनी बागेतल्या ठिबकच्या नळ्या उघडून दर पंधरा दिवसांनी शेवटची टोकं मोकळी सोडायला लावलं होतं. तो बिचारा म्हणाला, "मावशीनं झाडाईलेबी पेशंट करून टाकलं." जेवणं झाली, संत्री झाली, पिशवीत बांधून दिलेली संत्री झाली. परतताना नको नको म्हणत असताना त्या आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या.

रस्ता सरळ लांब होता. दुरून काहीतरी येत होतं. मला धुळीचा एक ठिपका दिसत होता, ट्रक असेल की ट्रॅक्टर, कळत नव्हतं.

"आली तुमची बस," सिस्टर म्हणाल्या. "पांढुर्णा लिहिलं आहे. समोरचा एक लाइट फुटला आहे."

"मला तर काहीच दिसत नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, वॉर्डात नव्या रोग्याकडे पाहावं तसं. "मंग आता तुमचा नंबर. टाळू नका. मी येतो संगं."

बस आली. पाटी पांढुर्ण्याचीच होती आणि डावा लाइट फुटलेला होता. आम्ही चढलो. मी खिडकीतून मागे पाहिलं. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, एक हात कपाळावर उन्हाला आड धरून, दुसरा हलवत. थोड्याच वेळात मला त्या दिसेनाशा झाल्या. रेखाला विचारलं तर ती म्हणाली, "आहेत अजून. हात हलवतायत."

मी खिडकीबाहेर हात काढून बराच वेळ हलवत राहिलो. मला रिकामा रस्ताच दिसत होता, पण त्यांना मी दिसत असणार.